आधी वाटणी ठरवा, मग विक्री

सत्तर पानांचा एक पुडा, हजार पुड्यांची एक प्रमाण गोणी. तेंदूच्या धंद्याचे हे कोष्टक गडचिरोली-चंद्रपूरकडे शाळकरी पोरांनाही पाठ असते. काही वर्षांपूर्वी मे महिन्यात अशाच एका गावच्या फळीवर मी संध्याकाळभर बसलो होतो. फळी म्हणजे पाने मोजून घेण्याची आणि पुडे उन्हात वाळत घालण्याची मोकळी जागा. पहाटे अंधारात जंगलात गेलेल्या बाया दुपारभर घराच्या सावलीत पाने जुळवून, वाकाने पुडे बांधून, ओझी डोक्यावर घेऊन येत होत्या. एक वयस्क बाई पन्नास पुडे घेऊन आली. ठेकेदाराच्या मुन्शीने मोजले आणि दोन पुडे उचलून बाजूला टाकले. शेकड्यामागे चार, हा तिथला रिवाज. फाटकी पाने निघतात, त्याची भरपाई म्हणे. बाई काही बोलली नाही. मजुरी अठ्ठेचाळीस पुड्यांची लिहिली गेली.

त्या रात्री आम्ही हिशेब मांडून पाहिला. शंभर घरांच्या गावाने हंगामात चार लाख पुडे तोडले, तर शेकड्यामागे चार या दराने सोळा हजार पुडे फुकट जातात. एकटी बाई हंगामात जेमतेम दोन हजार पुडे करते. म्हणजे आठ बायांची अख्ख्या हंगामाची मेहनत त्या रिवाजात जात होती. आणि त्या वेळी त्या गावाकडे सामूहिक वनहक्काचा दावा मंजूर झाल्याचा कागद होता. मालक गाव होते, तरी मोजणी मुन्शीची चालली होती.

गरिबांच्या हाती पैसा राहील अशी अर्थव्यवस्था उभी करायची, तर तिची सुरुवात मोठ्या योजनेपासून होत नाही. मोजणी कोण करतो, वही कोणाकडे असते आणि वाटणी कधी ठरते, या तीन प्रश्नांपासून होते. हा लेख मुख्यतः वनहक्क मिळालेल्या ग्रामसभांच्या कार्यकर्त्यांसाठी आहे. पण बचत गट, मच्छीमार संस्था किंवा शेतकरी उत्पादक कंपनी चालवणाऱ्यांनाही यातले बरेच काही उपयोगी पडेल.

गाव मालक झाले म्हणजे काय झाले

वनहक्क कायदा २००६ चा. त्याने गौण वनोपजावर, म्हणजे तेंदूपाने, बांबू, मोह, मध, डिंक, लाख, औषधी वनस्पती यांवर, वनात राहणाऱ्या समाजांची मालकी मान्य केली. शिवाय गावाच्या परंपरागत सीमेतले जंगल राखण्याचा आणि त्याचे व्यवस्थापन करण्याचा हक्क ग्रामसभेला दिला. गडचिरोली जिल्ह्यातल्या धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) या गोंड गावाला २००९ मध्ये सुमारे अठराशे हेक्टर जंगलावर असा हक्क मिळाला. देशात हा हक्क मिळवणाऱ्या पहिल्या गावांपैकी ते एक. तरीही बांबू विकायला गाव निघाले तेव्हा वाहतुकीच्या परवान्यावर घोडे अडले. अखेर एप्रिल २०११ मध्ये तत्कालीन केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांनी गावात येऊन परवान्यांचे पुस्तक ग्रामसभेच्या हवाली केले. पुढे २०१२ मध्ये नियमच बदलले. गौण वनोपजाचा वाहतूक परवाना आता ग्रामसभेची समिती किंवा ग्रामसभेने नेमलेली व्यक्ती देते, आणि या मालावर वनविभागाला स्वामित्वशुल्क द्यावे लागत नाही.

आज एकट्या गडचिरोली जिल्ह्यात तेराशेहून अधिक गावांकडे असा हक्क आहे. प्रत्येक गावात मात्र गरिबातल्या गरिबाचे दिवस पालटले असे म्हणता येणार नाही. काही गावांत ठेकेदार गेला आणि त्याची जागा गावातल्याच चार हुशार माणसांनी घेतली. हे टाळता येते. त्यासाठी पुढची कामे याच क्रमाने करावीत.

पहिले काम: गावात कोण कोण आहे याची यादी

सामूहिक हक्क ग्रामसभेचा असतो. तो सातबारा असलेल्यांचा नसतो, पाटलाच्या घराण्याचा नसतो आणि वनहक्क समितीच्या सदस्यांचाही नसतो. म्हणून हंगामाच्या दोन-तीन महिने आधी घरोघर फिरून यादी करा. प्रत्येक घरासमोर लिहा: काम करणारे हात किती, जमीन आहे की नाही, घर चालवणारी व्यक्ती कोण.

ही यादी करताना चार प्रकारची माणसे हटकून सुटतात. सासर-माहेर दोन्हीकडून तुटलेली एकटी बाई, जिचे नाव भावाच्या घरात धरलेले असते. कामासाठी बाहेरगावी गेलेले कुटुंब. अपंग किंवा आजारी माणूस, जो जंगलात जाऊ शकत नाही. आणि गावात दोनचारच घरे असलेल्या जातींची माणसे, जी सभेत मागे बसतात. यादी तयार झाली की ती सभेत मोठ्याने वाचा आणि शेवटी विचारा, 'कोणाचे नाव राहिले?' हा प्रश्न विचारून थोडा वेळ थांबा. गप्प बसलेली माणसे लगेच बोलत नाहीत.

सभा बाजाराच्या दिवशी घेऊ नका, भर दुपारीही नको. बायांना स्वयंपाक-पाणी आटोपून येता येईल अशी वेळ धरा. नियमानुसार सभेला निम्मे सदस्य हजर लागतात आणि हजर असलेल्यांत किमान एक तृतीयांश महिला लागतात. ही अट वहीत सह्या घरोघर फिरवून पुरी करू नका. ज्या बाईची सही घरी जाऊन घेतली, तिला ठराव काय झाला हे माहीत नसते, आणि पुढे भांडण उभे राहते ते तिथूनच. चर्चा गोंडी, माडिया, कोरकू अशा घरच्या भाषेत होऊ द्या. कागद मराठीत लिहा, पण लिहिलेले घरच्या भाषेत समजावून सांगितल्याशिवाय सही घेऊ नका.

दुसरे काम: वाटणीचा ठराव विक्रीच्या आधी

या लेखातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट हीच. पैसा खात्यावर येण्याआधी तो कसा वाटायचा ते ठरवा. पैसा आल्यावर ज्याचा आवाज मोठा त्याचा हिशेब चालतो. पैसा यायच्या आधी कोणालाच ठाऊक नसते की आपल्या वाट्याला किती येणार, म्हणून माणसे न्यायाने बोलतात.

तेंदूच्या पैशाचे दोन भाग असतात. एक, पाने तोडणाऱ्याची मजुरी. ती ज्याची त्याला, पुड्यांप्रमाणे, पूर्ण मिळालीच पाहिजे. दुसरा, मजुरीच्या वर खरेदीदार ग्रामसभेला देतो ती रक्कम. गावात तिला रॉयल्टी म्हणतात. वाद होतो तो या दुसऱ्या भागावर. तीही पुड्यांप्रमाणेच वाटावी असे बहुतेक जण म्हणतात, कारण ते सोपे आणि वरवर न्यायाचे वाटते. एक उदाहरण घेऊ. आकडे समजण्यासाठी धरलेले आहेत.

गाव शंभर घरांचे. एकूण पुडे चार लाख. मजुरी सोडून आलेली रॉयल्टी बारा लाख रुपये. सगळी पुड्यांप्रमाणे वाटली तर पुड्यामागे तीन रुपये पडतात. पाच हातांच्या घराने दहा हजार पुडे तोडले, त्याला तीस हजार मिळाले. एकट्या बाईने दोन हजार तोडले, तिला सहा हजार मिळाले. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला काहीच नाही. गावाच्या कोषातही काही नाही.

आता हीच रक्कम तीन वाट्यांत विभागा. निम्मे, म्हणजे सहा लाख, पुड्यांप्रमाणे. पाव भाग, तीन लाख, प्रत्येक घराला सारखे. उरलेला पाव भाग ग्रामसभेच्या कोषात. पुड्यामागे आता दीड रुपया आणि घरामागे तीन हजार. एकट्या बाईला तीन हजार अधिक तीन हजार, म्हणजे पूर्वीइतकेच सहा हजार मिळतात. जंगलात जाऊ न शकणाऱ्या घराला तीन हजार मिळतात. मोठ्या घराला अठरा हजार मिळतात, म्हणजे तेच घर अजूनही सर्वांत जास्त घेऊन जाते. आणि गावाच्या कोषात तीन लाख रुपये शिल्लक राहतात.

मोठ्या घरांना बारा हजारांची तूट पत्करावी लागते, हे लपवू नका. त्यांना सभेतच समजावून सांगा: तुम्ही तोडलेल्या पानांची मेहनत मजुरीत पूर्ण मिळाली. रॉयल्टी जंगलाची आहे, आणि जंगल सगळ्या गावाचे आहे. कोषाचा पैसा तुमच्याही घरच्या आजारपणाला उपयोगी पडणार आहे. मेंढा (लेखा) येथे निर्णय बहुमताने न घेता सर्वसहमतीने घेण्याची रीत आहे. गावचे नेते देवाजी तोफा आणि त्यांच्या सोबत्यांनी वर्षानुवर्षे अभ्यासगट चालवून ती रुजवली. सर्वसहमतीला वेळ लागतो, एकाच विषयावर तीन-तीन सभा घ्याव्या लागतात. पण वाटणीसारख्या विषयात मत टाकून हरलेली माणसे पुढच्या वर्षी सभेला येत नाहीत, आणि हरणारे बहुधा गरीबच असतात. म्हणून वेळ लागला तरी चालेल.

तिसरे काम: विक्री जाहीरपणे, आणि शेवटचा परवाना पूर्ण पैसे आल्यावर

तेंदूचा लिलाव वनविभागामार्फत करायचा की ग्रामसभेने स्वतः विक्री करायची, याचा ठराव वेळेत करावा लागतो. स्वतः विकायचे ठरले, तर शेजारच्या गावांना सोबत घ्या. एकट्या गावाकडे मोठा खरेदीदार फिरकत नाही, आणि फिरकला तर भाव पाडूनच मागतो. गडचिरोलीच्याच कोरची तालुक्यातल्या सुमारे ९० ग्रामसभांनी एकत्र येऊन महाग्रामसभा उभी केली. तेंदूची बोलणी एकत्र करण्याचे बळ त्यांना त्यातूनच मिळाले. प्रत्येक गावाने अशा मंडळावर पुरुषांइतक्याच बाया प्रतिनिधी म्हणून पाठवाव्यात.

निविदेची जाहिरात वर्तमानपत्रात द्या. पाकिटे सर्वांसमोर फोडा, प्रत्येक देकार मोठ्याने वाचा आणि फळ्यावर लिहा. सर्वांत जास्त भाव देणारा खरेदीदार नेहमीच चांगला असेल असे नाही. तो याआधी ज्या गावांत होता तिथे फोन करा, 'पैसे वेळेवर दिले का?' एवढेच विचारा. हंगाम संपला, माल गेला, आणि गावाचे लाखो रुपये वर्षानुवर्षे अडकून पडले, हे दुःख अनेक ग्रामसभांनी भोगले आहे.

करारात या गोष्टी स्पष्ट हव्यात: दर, अनामत रक्कम, मजुरी किती दिवसांत द्यायची, रॉयल्टीचे हप्ते कोणत्या तारखांना, पावसाने पुडे भिजले तर नुकसान कोणाचे, आणि मोजणी कोण करणार. शक्य असेल तर बँक हमी घ्या. पण तुमच्या हातातली खरी किल्ली वाहतूक परवान्याची आहे. कायद्याने परवान्यांचे पुस्तक ग्रामसभेकडे आहे. जितके पैसे खात्यावर जमा होतील तितक्याच गोण्यांचे परवाने द्या, आणि शेवटच्या खेपेचा परवाना शेवटचा रुपया जमा झाल्यावरच फाडा. धनादेश हातात आला म्हणजे पैसे आले असे समजू नका. बँकेत जाऊन जमेची नोंद पाहा. परवान्याचे पुस्तक खरेदीदाराच्या माणसाकडे 'सोयीसाठी' देऊन ठेवण्याची चूक तर कधीच करू नका.

ग्रामसभेच्या नावाचे बँक खाते, पॅन आणि कराच्या नोंदी हंगामाआधी एखाद्या सनदी लेखापालाला विचारून नीट करून घ्या. खाते दोघांच्या सहीने चालावे आणि त्यातली एक सही बाईची असावी.

चौथे काम: फळीवरची मोजणी आपल्या हातात घ्या

फळीवर ग्रामसभेचा स्वतःचा मोजणीदार असावा. गावातली दहावी-बारावी झालेली मुलगी हे काम उत्तम करते. तिला मानधन द्या. पुडे मजूर आणि मोजणीदार या दोघांसमोर मोजले जावेत, आणि आकडा दोन ठिकाणी लिहावा: फळीच्या वहीत आणि मजुराकडच्या कार्डावर. कार्ड घराचे नको, काम करणाऱ्या व्यक्तीचे असू द्या. पाने बाईने तोडायची आणि पैसे नवऱ्याच्या नावावर जमा व्हायचे, हे फार ठिकाणी चालते.

शेकड्यामागे जास्तीचे पुडे घेण्याचा रिवाज करारातच बंद करा. खराब पुडा असेल तर तो मजुराला परत द्यावा, तो फोडून नीट बांधून आणेल. सुरुवातीला सांगितलेल्या त्या गावाने पुढच्या हंगामात हेच केले. खरेदीदार दोन दिवस कुरकुरला, मग त्याने ते मान्य केले. मोजणीच्या वेळी ती वयस्क बाई पुड्यांवर बोट ठेवून स्वतः मोजत होती, हे मी पाहिले. तिला लिहिता-वाचता येत नव्हते, पण पन्नासपर्यंत मोजता येत होते.

पाचवे काम: हिशेब वाचून दाखवा

हिशेब भिंतीवर लावला म्हणजे तो लोकांना कळला असे होत नाही. गरिबांपैकी अनेकांना वाचता येत नाही, आणि ज्यांना येते त्यांना 'संकीर्ण खर्च' म्हणजे काय ते कळत नाही. महिन्यातून एकदा गोटूलात किंवा समाजमंदिरात बसून जमा-खर्च वाचा. मोठी रक्कम असेल तर तिचे घरामागे किती पडतात ते सांगा. शंभर घरांच्या गावात 'जीपभाड्याला अठरा हजार' असे सांगितले तर लोक मान डोलावतात. 'जीपभाड्यासाठी प्रत्येक घराचे एकशे ऐंशी रुपये गेले' असे सांगा, मग प्रश्न येतात.

प्रश्न आले की सचिवाने अपमान मानू नये. हिशेब विचारणे म्हणजे चोर म्हणणे नव्हे, हे गावाने एकदा मनाशी पक्के करावे. सचिव दर दोन वर्षांनी बदला, आणि नव्या सचिवाने जुन्याच्या हाताखाली एक हंगाम शिकावे. एकच माणूस दहा वर्षे वही सांभाळतो, तेव्हा तो कितीही प्रामाणिक असला तरी गाव त्याच्यावाचून पांगळे होते.

सहावे काम: कोष गरजेच्या दिवसांत उघडा

मोहफुले मार्च-एप्रिलमध्ये पडतात. तेव्हा सगळीकडेच माल असतो, म्हणून भाव पडलेला असतो. ज्याच्या घरात धान्य आहे तो फुले वाळवून, कोठीत साठवून पावसाळ्यात विकतो. ज्याच्या घरी तेल-मिठाला पैसे नाहीत तो त्याच आठवड्यात आठवडी बाजारात व्यापाऱ्याच्या मापाने देऊन टाकतो, आणि पुढे तीच फुले चढ्या भावाने विकत घेतो. मेहनत दोघांची सारखीच. गरिबाला फक्त थांबायची सोय नसते.

ही सोय कोष करू शकतो. वाळलेली फुले गावाच्या कोठीत वजन करून ठेवा, पावती द्या आणि त्यावर उचल द्या. पावसाळ्यात माल विकला की उचल कापून उरलेले पैसे मालकाला द्या. विकण्यापूर्वी सरकारने जाहीर केलेला आधारभूत भाव विचारून घ्या. गौण वनोपजासाठी अशी योजना केंद्राने २०१३-१४ मध्ये सुरू केली. बाजारभाव त्याच्या खाली असेल, तर आदिवासी विकास महामंडळाच्या कार्यालयात खरेदीची मागणी लेखी करा.

कोषातून दुसरी मदत आजारपणाला आणि मुलांच्या शिक्षणाला द्या. कोणाला किती, हे आधी ठरवलेल्या नियमाने द्या. नियम नसेल तर मदत मागणाऱ्याला कोणाच्या तरी दारात उभे राहावे लागते, आणि जुनी सावकारी नव्या नावाने परत येते. सभामंडप आणि मंदिराची रंगरंगोटी यांसाठी कोष रिकामा करण्याचा मोह सगळ्या गावांना होतो. त्याआधी विचारा, या वर्षी औषधावाचून कोणी राहिले का?

सातवे काम: जंगल टिकले तर हा सगळा हिशेब

बांबूच्या बेटातले कोवळे बांबू राखा, वास्ते, म्हणजे बांबूचे कोंब, सगळेच्या सगळे भाजीला काढू नका, आणि दरवर्षी आळीपाळीने जंगलाच्या एकेका भागातच तोड करा म्हणजे बाकीचे भाग विसावतील. मोहाखाली झाडून, पालापाचोळा बाजूला करा. आग लावू नका. राखणीला जाणाऱ्यांना कोषातून मजुरी द्या. फुकटची राखण गरिबाला परवडत नाही आणि श्रीमंत करत नाही.

चंद्रपूर जिल्ह्यातल्या पाचगावने तेंदूपाने तोडणेच थांबवले, कारण त्यासाठी झाडांची छाटणी होते आणि वणवे लागतात. त्यांनी बांबूवर भर दिला, आणि तेंदूची फळे आता खायला आणि विकायला मिळतात. अमरावती जिल्ह्यातल्या पायविहीरने उजाड टेकड्या राखल्या आणि सीताफळाच्या विक्रीतून उत्पन्न उभे केले. दोन्ही गावांची वाट वेगळी आहे. तुमच्या जंगलात काय आहे, काय कमी होत चालले आहे, हे म्हाताऱ्या बायांना विचारा आणि त्यावरून आपली वाट ठरवा.

ज्यांच्याकडे अजून हक्क नाही

दावा करायचा असेल तर ग्रामसभेने वनहक्क समिती निवडावी. दहा ते पंधरा सदस्य, त्यांत किमान एक तृतीयांश महिला. गावची परंपरागत सीमा शेजारच्या गावांसोबत चालत जाऊन ठरवा. वडीलधाऱ्यांचे लेखी जबाबही पुरावा म्हणून चालतात, हे लक्षात ठेवा. दाव्याची पोच घेतल्याशिवाय कार्यालयातून हलू नका. आणि दावा मंजूर व्हायची वाट न पाहता घरांची यादी आणि वाटणीची चर्चा आजच सुरू करा. जंगल हाती येईल तेव्हा गाव तयार असायला हवे.

ज्यांच्या भागात जंगलच नाही त्यांनीही क्रम हाच धरावा. तळ्यातली मासळी असो, गटाचे दूध असो की कंपनीचा कांदा: आधी कोण कोण आहे ते मोजा, मग वाटणी ठरवा, मग विका, मग हिशेब वाचून दाखवा. पुढच्या सभेच्या विषयपत्रिकेवर भावाचा विषय दुसरा घ्या. पहिल्या विषयाच्या जागी लिहा: 'यंदाच्या पैशात एकट्या बाईच्या घरी किती जाणार?' त्याचे उत्तर आकड्यात मिळेपर्यंत दुसरा विषय सुरू करू नका.